एअर पिस्टल की पॉइंट टू टू, मेंटेनन्स कुणाचा जास्त?

राही सरनोबतचं 2018 चं एशियाड गोल्ड बघून आपल्या कोल्हापुरात पिस्टलकडं वळलेली पोरं लई हायत, आणि 10 मीटरच्या एअर पिस्टलवरनं 25 मीटरच्या पॉइंट टू टूवर (.22 बोअरच्या, काडतुसाच्या पिस्टलवर) जाताना सगळ्यांचा प्रश्न एकच, साफसफाई किती वाढणार? तर बघा, एअर पिस्टलला तसा त्रास कमी. साफसफाईचे फेल्टचे (नमद्याचे) पेलेट बॅरलमधनं आरपार काढायचे, ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कडीला) सिलिकॉन ग्रीस, हवेच्या सिलिंडरवरची मुदतीची तारीख बघायची, झालं. फक्त साधं तेल हवेच्या भागात अजिबात घालू नका, दाबाखाली ते पेट घेऊ शकतं.

टू टूचं तसं नाही. गोळी शिशाची, वर मेणाचा थर, त्यामुळं शंभर राउंडनंतर बोल्ट काढला की तोंडावर काळा चिकट राप बसलेला असतो आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या भागाच्या) नखात तर तो दगडासारखा घट्ट होतो. माझ्या पिस्टलात रिकामी केस (काडतुसाची नळी) अडकायला लागली तेव्हा मी स्प्रिंग बदलायला निघालो होतो, टूथब्रशनं ते नख घासलं आणि काम झालं. खोलायच्या आधी मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यानं बघायचं. रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबत बसू नका, फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून चेंबरला खड्डा पडू शकतो, पिस्टलात ड्राय फायरची (गोळीशिवाय ट्रिगर दाबायच्या सरावाची) सोय असेल तरच करा. आणि आपला पावसाळा! पेटीत ओलसर फोम असला की गंज आलाच.

अपग्रेडचं म्हणाल तर दोन्हीकडं आधी ग्रिप हाताला बसवून घ्या, ट्रिगरला मात्र स्वतः हात लावू नका, स्पर्धेत 25 मीटरला तो दाबायचं वजन किमान 1000 ग्रॅम भरावं लागतं, एअरला 500.

नवख्यानं एअरच घ्यावं, माझं स्पष्ट मत.