सहा कोअर, राबणारा एकच: छोट्या राउटर बोर्डाचा वापरानंतरचा अनुभव

नौपाड्यातल्या आमच्या अभ्यासिकेत रॉकचिप आरके३३९९ चिपचा छोटा राउटर बोर्ड गेल्या पावसाळ्यापासून दिवसरात्र चालू आहे. घ्यावा का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणतो. मात्र हातात आला तसाच लावू नका. जाहिरातीतले सहा कोअर (चिपमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) खरोखर कामाला लागलेत का, हे आधी बघा.

आमची लाइन केबलवाल्याची, ५०० एमबीपीएस, पीपीपीओईवर (यूजरनेम-पासवर्ड देऊन जोडली जाणारी). रात्री आठनंतर एमपीएससी, बँकिंग, सीए करणारी मुलं एकदमच लेक्चर आणि सराव परीक्षांना बसतात. दुकानदाराने भरून दिलेल्या फर्मवेअरवर (राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) नेमके तेव्हाच व्हिडिओ अडकायचे, आणि अ‍ॅडमिन पानावर सीपीयू दिसायचा जेमतेम १७ टक्के. केबलवाल्याचा माणूस येऊन फायबर तपासून गेला, लाइन चोख निघाली. एसएसएचने (दुरून कमांड देण्याच्या सोयीने) राउटरच्या आत शिरून एचटॉप हा प्रत्येक कोअरचा भार दाखवणारा प्रोग्राम लावल्यावर खरा प्रकार कळला: कोअर ० पूर्ण १०० टक्क्यांवर, यादीत सगळ्यात वर केसॉफ्टआयआरक्यूडी/० (कोअर ० वर तुंबलेलं काम उपसणारी प्रक्रिया), बाकीचे पाच जवळपास रिकामे. सहातला एकच भरला की सरासरी १७च येणार! परीक्षेचं पान अर्ध्यावर अडकलेल्या मुलाला या सरासरीचा काय उपयोग?

पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, आली की नेटवर्क पोर्ट इंटरप्ट, म्हणजे ‘काम आलंय’ असा इशारा, देतो, आणि तो कुणी वेगळं सांगितलं नसेल तर बहुधा एकाच कोअरकडे जातो. सर्व्हरच्या कार्डांना अनेक रांगा असतात, तिथे वाटणी कार्डच करतं. या बोर्डाच्या प्रत्येक पोर्टला रांग एकच. त्यात कोअरही सारखे नाहीत. ० ते ३ हे कमी ताकदीचे कॉर्टेक्स ए५३, तर ४ आणि ५ हे दमदार ए७२. आमचा सगळा भार एका ए५३ वर पडत होता.

ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मुक्त फर्मवेअर टाकल्यावर इंटरप्ट आपोआप मोठ्या कोअरवर गेले. एसएमपी अ‍ॅफिनिटीत (कुठला इंटरप्ट कुठल्या कोअरकडे जायचा ती सेटिंग) एका पोर्टला १०, दुसऱ्याला २० दिसतं. हे हेक्स मास्क आहेत, म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेले आकडे, ज्यात प्रत्येक बिट एका कोअरचा. १० म्हणजे कोअर ४, २० म्हणजे कोअर ५. त्यावर पॅकेट स्टीअरिंग, म्हणजे आलेल्या पाकिटांचं काम कोअरमध्ये वाटणं, चालू केलं. लिनक्समध्ये ही सोय २०१० पासून, २.६.३५ आवृत्तीपासून आहे. दोन्हीकडचे पत्ते आणि पोर्ट नंबर यांचा हॅश (त्यांच्यावरून बनवलेला एक आकडा) काढून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पाकीट कुठल्या कोअरला द्यायचं ते ठरवतो. पीपीपीओईच्या वेष्टनाच्या आतला पत्ताही त्याला वाचता येतो.

वाटणी होते ती कनेक्शनची, सुट्या पाकिटांची नव्हे. एका कनेक्शनची पाकिटं दोन कोअरवर टाकली तर क्रम मोडतो, टीसीपीला वाटतं पाकीट हरवलं, आणि तो वेग कमी करतो. म्हणून घरी एकट्याने एकच मोठी फाइल उतरवणाऱ्याला यातून फारसं काही मिळणार नाही. आमच्याकडे एका वेळी शेकडो छोटी कनेक्शन असतात, तिथे फरक लख्ख दिसतो. रात्रीच्या तक्रारी थांबल्या, मुलांनी मागच्या बाकावर मोबाइलचा हॉटस्पॉट लावणं बंद केलं. मला याचं फार समाधान आहे.

पॅकेट स्टीअरिंगचा मास्क ३एफ ठेवला तर सहाही कोअरना काम मिळतं, पण हॅशला लहानमोठा कोअर कळत नाही. कुणाचं लेक्चर ए५३ वर जाऊन पडेल सांगता येत नाही. मी ३० ठेवलाय, फक्त ४ आणि ५. उरलेले चार डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणं) आणि इतर किरकोळ कामांना मोकळे.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. एसक्यूएम ही लाइन तुंबू न देणारी सोय, तिच्यातला केक हा रहदारी आवरणारा भाग एका दिशेची सगळी रहदारी एका वेळी एकाच कोअरकडून सोडतो, त्यामुळे तिथे कोअर वाढवून उपयोग नाही, एकाच कोअरचा दम लागतो. आमच्या ५०० ला ए७२ पुरतो. १ जीबीपीएसची लाइन घेतली, तर केकसह याच बोर्डावर मी विसंबणार नाही. मे महिन्यात धातूची पेटी हात ठेववत नाही इतकी तापते. बंद कपाटात ठेवू नका.

आणि आयआरक्यू (इंटरप्टचा) नंबर गृहीत धरून स्वतःची स्क्रिप्ट लिहू नका, कर्नल बदलला की नंबर बदलू शकतो. पोर्टच्या नावावरून शोधा. इंटरप्ट आपोआप वाटणारा आयआरक्यूबॅलन्स प्रोग्रामही सोबत लावू नका, तो तुमची मांडणी परत हलवतो. अपडेटनंतर प्रॉक इंटरप्ट्स या फाइलमध्ये ईथ० आणि ईथ१ या दोन पोर्टांच्या ओळी बघायच्या, कुठल्या स्तंभातले (म्हणजे कोअरचे) आकडे पळतायत ते लगेच कळतं.