फ्रेंडली यूआरएल: अपाचीची एचटीअ‍ॅक्सेस फाइल की एनजिनएक्स?

"प्रॉडक्ट.पीएचपी?आयडी=42" ऐवजी "/प्रॉडक्ट/42" दिसायला हवं, काम एवढंच. अपाची आणि एनजिनएक्स हे दोन वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरला पानं पाठवणारे प्रोग्रॅम, दोघांतही ते जमतं. पण आधी बघा की सर्व्हरचं मेन कॉन्फिग (मुख्य सेटिंग्जची फाइल) तुमच्या हातात आहे का. शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) ते सहसा नसतं, तिथे अपाची असेल तर फोल्डरमधल्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये मॉड-रीराइटचे (अपाचीच्या यूआरएल बदलणाऱ्या मॉड्यूलचे) रूल लिहायचे आणि विषय संपला, निवडीचा प्रश्नच येत नाही.

ह्या फाइलचं सुख म्हणजे सेव्ह केली की लगेच लागू, रीस्टार्ट नको काही नको. पण त्याचं कारणच तिचा तोटा आहे, अपाची ती प्रत्येक रिक्वेस्टला नव्याने वाचतं आणि वरच्या फोल्डरांतही शोधत बसतं. छोट्या साइटला हे जाणवतही नाही. आणि स्वतःचा सर्व्हर असून रूल चालतच नसतील तर आधी मेन कॉन्फिगमधलं अलाउ-ओव्हरराइड (एचटीअ‍ॅक्सेसला परवानगी देणारं सेटिंग) बघा, अपाचीच्या 2.4 आवृत्तीत ते डीफॉल्टनेच बंद असतं, लोक उगाच रेजेक्सशी (रूलमधल्या पॅटर्नशी) भांडत बसतात.

एनजिनएक्समध्ये अशी फाइलच नाही. सगळं मेन कॉन्फिगमध्ये, बदललं की टेस्ट करून रीलोड. मला हेच जास्त आवडतं कारण सिंटॅक्स चुकला तर टेस्टमध्येच कळतं, एचटीअ‍ॅक्सेसमध्ये तीच चूक झाली तर थेट लाइव्ह साइटवर 500 एरर. शिवाय बहुतेक वेळा रीराइट लिहावंच लागत नाही, ट्राय-फाइल्सची एक ओळ पुरते: खरी फाइल असेल तर ती दे, नाहीतर इंडेक्स.पीएचपी. फक्त त्या ओळीच्या शेवटी आर्ग्स जोडायला विसरू नका, नाहीतर प्रश्नचिन्हानंतरचं सगळं गायब, मग सर्च आणि पेजिनेशन का चालत नाही म्हणून शोधत बसाल. अपाचीत रूलमध्ये स्वतःची क्वेरी (प्रश्नचिन्हानंतरचा भाग) लिहिली असेल तर तेच काम क्यूएसए फ्लॅग (रूलच्या शेवटी लिहायचा पर्याय) करतो.

एकीकडून दुसरीकडे जाताना रूल जसेच्या तसे कॉपी करू नका. एचटीअ‍ॅक्सेसमध्ये पॅटर्न "प्रॉडक्ट" पासून सुरू होतो कारण सुरुवातीचा स्लॅश अपाची आधीच कापून टाकतं, एनजिनएक्समध्ये तो स्लॅश असतो, त्यामुळे कॅरेटनंतर (^, पॅटर्नची सुरुवात दाखवणारं चिन्ह) तो लिहिला नाही तर रूल कधीच मॅच होणार नाही, आणि एररही येणार नाही. तसंच एचटीअ‍ॅक्सेसमधला एल (लास्ट, शेवटचा रूल) फ्लॅग म्हणजे कायमचं थांबणं नव्हे, यूआरएल बदलली की रूल परत पहिल्यापासून चालतात, लूप तिथूनच होतो. 2.4 मध्ये त्यासाठी एंड फ्लॅग आहे, तो वापरा.

फ्रेंडली यूआरएलवर सीएसएस (पानाची सजावट) तुटली तर दोष दोघांचाही नाही, ब्राउझर रिलेटिव्ह पाथ दिसणाऱ्या यूआरएलवरून काढतो, स्लॅशने सुरू होणारे पाथ द्या.

माझं मत विचाराल तर सर्व्हर तुमचा असेल तर एनजिनएक्स, आणि कुठेही असा, वीस-पंचवीस रूल लिहू नका, सगळं एका इंडेक्स.पीएचपीकडे पाठवा आणि राउटिंग (कुठल्या यूआरएलला कुठलं पान) अ‍ॅप्लिकेशनला करू द्या. जुन्या लिंकांना 301 (कायमचं रीडायरेक्ट) द्यालच, पण आधी 302 (तात्पुरतं) ने तपासा, कारण ब्राउझर 301 कॅश करून ठेवतो आणि मग रूल सुधारला तरी तुम्हाला जुनंच दिसत राहतं.