साडेअकरा हजारांची खोगीरभरती

व्हिडिओतलं कुत्रं मी आधी बघितलं असतं, तर साडेअकरा हजार रुपये आणि ऐन दिवाळीतला धंदा, दोन्ही वाचलं असतं. पण घोडेवाला माणूस व्हिडिओत घोडाच बघणार.

आम्ही माथेरानचे. वर गाड्या येत नाहीत. दस्तुरी नाक्यावर उतरायचं आणि पुढे पायी, छोट्या रेल्वेच्या शटलने, घोड्यावर, नाहीतर आता ई-रिक्षाने. बाबांनी आयुष्यभर घोडे चालवले, आता मी चालवतो. तीन जनावरं आहेत. त्यातली मैना ही कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी घोडी सगळ्यात शहाणी, पाठीवर लहान पोर असलं की पाऊल जपून टाकते. पाच वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली तेव्हा तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. मग चांगली अंगाने भरली, छाती-खांदे रुंदावले. खोगीर मात्र तेच राहिलं, आधीच्या एका किडकिडीत घोड्यासाठी घेतलेलं कानपुरी. घोडं नेमकं इथेच पेंड खात होतं, पण ते मला कळायला दोन महिने गेले.

गेल्या सप्टेंबरात मैना तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे टाकायला लागली. पॅनोरमा पॉइंटच्या वाटेवर चढ ठीक चढायची, पण उतारावर पावलं आखूड टाकायची. मी आधी पेव्हर ब्लॉकला दोष दिला, मग नालबंदाला. नालबंद बिचारा दोनदा येऊन खूर बघून गेला.

त्याच सुमारास एक गृहस्थ दस्तुरीला आले. बुधवार होता, गिऱ्हाईक नव्हतं, आम्ही सात-आठ जण नुसते बसलो होतो. पोशाख नीटनेटका, बोलणं गोड, प्रत्येकाला 'दादा'. पाठीवरच्या सॅकमधून खोगिराखाली घालायची एक गादी काढली. वरून कापड, खालून पांढरीशुभ्र लोकर, आत म्हणे 'मेमरी जेल'. हात फिरवला तर खरंच मेंढरावरून फिरवल्यासारखा वाटला. ते सॅम्पल अस्सल होतं, हे मी आजही मानतो.

आणि माणूस अडाणी नव्हता. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं, पुढचे पाय धडाला नुसत्या स्नायूंनी टांगलेले असतात, हे त्याने सांगितलं. पाय पुढे टाकला की खांद्याच्या फऱ्याचा वरचा भाग मागे सरकतो. तिथे खोगीर चावत असेल तर घोडा पाऊल लांब टाकणारच नाही, हेही सांगितलं. मणक्यावर भार पडता कामा नये. खोगीर शेवटच्या, म्हणजे अठराव्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. लोकर घाम शोषते, रबर-प्लास्टिक पाठ तापवतं. सगळं खरं. नंतर डॉक्टरांनीही हेच सांगितलं. दहा वाक्यांतली नऊ खरी असली की दहावं आपण तपासत नाही. दहावं वाक्य होतं, "ही गादी टाका दादा, खोगीर कुठलंही असू दे."

मग त्याने चहाच्या टपरीवरून एक अंडं मागवलं. कट्ट्यावर अंडं, त्याच्यावर गादी, आणि मला म्हणाला, "मारा बुक्की." मी मारली. अंडं शाबूत. पोरं हसली, टाळ्या पडल्या, एकाने व्हिडिओ काढला. बाबा मागे बसले होते, ते एवढंच म्हणाले, "बुक्की क्षणाची असते. त्याच्यावर तासभर बसून दाखव म्हणावं." मला तेव्हा ते म्हाताऱ्याचं किरकिरणं वाटलं. बुक्कीचा दणका मऊ वस्तू गिळते, पण ऐंशी किलोचं माणूस दोन तास एका जागी बसतं तेव्हा फोम दबून दबून खाली टेकतो. ही वेगळीच गोष्ट आहे, आणि घोड्याच्या पाठीला तीच सोसावी लागते.

शेवटी त्याने स्वतःच्या मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. एकच घोडा, एकच मैदान. पहिल्या तुकड्यात जुनं खोगीर, घोडा आखूड पावलांनी, मान वर काढून चालतोय. दुसऱ्यात गादी घातलेली, आणि चाल अशी मोकळी, की दुडकीत जणू तरंगतोय. मी तो व्हिडिओ चारदा पाहिला. भाव बाहेर तीस हजार, 'आज बुकिंग केलंत तर' साडेअकरा. सहा हजार तिथेच मोबाइलवरून पाठवले, बाकीचे माल मिळाल्यावर द्यायचे. पैसे गेले त्या खात्यावर भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, "मेव्हण्याचं आहे." मी मान डोलावली. बिल मागितलं नाही. कंपनीचा पत्ता मागितला नाही. इथे माझं मीच एक थोबाडीत मारून घेतो.

बारा दिवसांनी पार्सल नेरळला आलं. कुरिअरवाल्याने उरलेले पैसे घेतले आणि मगच पुडकं हातात दिलं. फोडलं तेव्हा तो निघून गेला होता. आत गादी होती, रंग तोच, शिक्क्यावर 'मेरिनो' लिहिलेलं. लोकर जरा चकचकीत वाटली. नवी आहे म्हणून असेल, असं मनाशी म्हटलं. आपण एकदा पैसे टाकले की वस्तूची वकिली आपणच करायला लागतो.

पहिला आठवडा मैना बरी वाटली. खरंच बरी होती की मला तशी बघायची होती, सांगता येत नाही. दुसऱ्या आठवड्यात तंग ओढताना तिने चावा काढला. मैनेने! पोरांच्या हातचं गाजर ओठांनी अलगद घेणारी घोडी. दसरा झाला, गर्दी सुरू झाली, मी दामटत राहिलो.

एका संध्याकाळी खोगीर उतरवलं आणि कंदिलासारखा मोबाइल धरून पाठ बघितली. पाठभर घाम, केस चिकटलेले. फक्त मानेमागच्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना, खांद्याच्या लगेच मागे, तळहाताएवढ्या दोन चकत्या कोरड्याठाक. बाबांनी बोट ठेवलं तशी तिने कातडी थरथरवली आणि पाठ खाली दबवली. घामाने भिजलेल्या पाठीवर कोरडी जागा दिसली की आनंद मानायचा नसतो. तिथे दाब इतका असतो की घामसुद्धा येत नाही. हे बाबांना ठाऊक होतं. मलाही असायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागा सुजून कढत झाल्या होत्या.

डॉक्टर आले. आधी खोगीर नुसतंच, काहीही खाली न घालता, मैनेच्या पाठीवर ठेवायला सांगितलं. मग मला म्हणाले, पुढच्या बाजूला खोगिराखाली हात घाला. माझी बोटं पेरापर्यंतही जाईनात. म्हणाले, "हे मुळातच अरुंद आहे. आणि तुम्ही त्याच्याखाली इंचभर जाडीची गादी कोंबलीत. बूट घट्ट होतो म्हणून आत जाड मोजे घालतं का कोणी?"

मी गप्प. फसवणूक मी समजत होतो त्याच्याहून एक मजला वर होती. गादी अस्सल ऑस्ट्रेलियन मेंढीची असती, तरी मैनेची पाठ अशीच सोलवटली असती. किंबहुना जरा लवकरच, कारण अस्सल लोकर इतक्या लवकर दबली नसती.

गादीचं पोस्टमॉर्टम घरी झालं. भाचीने लोकरीची चिमूट काढून काडी लावली. खरी लोकर जळते तेव्हा केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. ही वितळली, प्लॅस्टिकचा वास सुटला आणि काळा टणक मणी उरला. लोकर फांकवून बुडाशी बघायचं हेही तेव्हाच शिकलो: खऱ्या कातड्याला तळाशी चामडं दिसतं, इथे विणलेली जाळी होती. शिवण उसवली. 'मेमरी जेल' म्हणजे सोफ्यातला पिवळा फोम, बसायच्या जागी दबून भाकरीएवढा पातळ झालेला. मधोमध मणक्यासाठी पन्हळ हवी, ती नव्हतीच. वरून एक खोटी शिवण मारून तसा भास केला होता.

आणि कुत्रं. त्या रात्री व्हिडिओ पुन्हा लावला. मैदानाच्या कडेला एक कुत्रं बसलंय. पहिल्या तुकड्यात शेपूट निवांत हलवतंय. दुसऱ्यात त्याच शेपटीचा पंखा झालाय. दुसरा तुकडा जोरात पळवलेला होता, बस्स. शिवाय नीट बघितलं तर पहिल्या वेळी स्वाराने लगाम खेचून धरलाय, दुसऱ्या वेळी सैल सोडलाय. लगाम खेचला की कुठलाही घोडा मान वर काढून आखूड चालतो. हे मला आंधळ्यानेही सांगितलं असतं.

फोन केला. आधी तो उचलत होता. म्हणाला, "दादा, तुमच्या घोडीची पाठच वाकडी आहे, तिला वेज पॅड लागेल, चार हजारांत देतो." फोटो पाठवले, निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. मग त्याने नंबरच ब्लॉक केला. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन लावला. बोलणारी बाई चांगली होती, तक्रार नोंदवून घेतली, क्रमांक दिला. पण तिने विचारलं, बिल? विक्रेत्याचं नाव-पत्ता? जीएसटी नंबर? माझ्याकडे पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, मेव्हण्याचं नाव आणि अंड्याचा व्हिडिओ. तक्रार अजून उघडीच आहे. त्या बुधवारी बसलेल्या आम्हा आठांपैकी तिघांनी गाद्या घेतल्या होत्या. बाकी दोघे लाजेने तक्रार करायला तयार नाहीत. म्हणून मी लिहितोय. माझी लाज मैनेच्या पाठीबरोबर आधीच सोलून निघाली.

साडेअकरा हजार हा तोटा लहानच. मैना पाच आठवडे उभी होती, त्यात अख्खी दिवाळी गेली. औषध वेगळं. आता त्या दोन जागी पांढरे केस उगवायला लागलेत. दाबाने केसांची मुळं दुखावली की तिथले केस पांढरेच येतात, बहुधा कायमचे. कुमैत अंगावर दोन पांढऱ्या चकत्या, दुरून दिसतात. कोणी विचारलं की मी विषय बदलतो.

खोगीर बदललं. पुण्यातल्या एका जुन्या खोगीरवाल्याने सांगितलं की लाकडी सांगाडा रुंद होत नाही, उगाच पैसे घालू नका. वापरलेलं, रुंद सांगाड्याचं खोगीर नऊ हजारांत मिळालं, त्याच्या दोन्ही उशा त्याने लोकरीने पुन्हा भरून दिल्या. खोगीर न्यायच्या आधी पाठीचं माप कसं घ्यायचं ते त्याने फोनवरच शिकवलं: इलेक्ट्रिशियनची जाड तार घ्यायची, खांद्याच्या फऱ्यामागे दोन-तीन बोटं सोडून पाठीवरून आडवी वाकवून बसवायची, अलगद उचलून पुठ्ठ्यावर आकार काढायचा. तो पुठ्ठा कापून खोगिराच्या तोंडाशी धरला की बसतं की नाही ते दिसतं. वीस रुपयांची तार. त्या गृहस्थांनी मोबाइलच्या ॲपने मैनेची पाठ 'स्कॅन' केली होती, ते सांगायचं राहिलंच.

गादी ही वस्तू वाईट नाही, उगाच तिच्यावर राग नको. खोगीर मापात असेल, वर जरा जागा असेल, तर नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेली जाड घडी, घाम टिपतो, थोडा दाब पसरवतो, खोगिराचं अस्तरही टिकतं. आम्ही आता साधा नमदा वापरतो. तो घालताना पुढून वर ओढून खोगिराच्या पोकळीत चढवायचा, म्हणजे उंचवट्यावर ताणून बसत नाही. आणि रोज झटकून त्यातली धूळ काढायची. इथल्या लाल मातीचे खडे नमद्यात अडकले की तेही काचतात. मैना तंगाला आता कान मागे टाकत नाही. परवा शार्लोट लेकच्या उतारावर तिची मागची टाप पुढच्या टापेच्या ठशावर पडलेली पाहिली, म्हणजे पाऊल पुन्हा लांब पडतंय. बऱ्याच महिन्यांनी.

ती गादी फेकणार होतो, पण आईने तबेल्याच्या कोपऱ्यात टाकली. आमची लाल कोंबडी तिच्यावर नऊ अंडी घेऊन बसली आहे. बाबा येता-जाता बघतात आणि म्हणतात, "तासभर काय, ही एकवीस दिवस बसून दाखवेल."