टॅक्टिकल वेट व्हेस्ट, ‘10 किलो’वाला : दोन महिने घालून मग लिहितोय

5 पैकी 2 स्टार, त्यातला एक मामांचा आहे, कंपनीनं तो स्वतःचा समजू नये.

आधीच सांगतो मी फौजी वगैरे काही नाही, इंदूरला सुदामा नगरात राहतो, इन्शुरन्सचं काम आहे, वय 47, शुगर बॉर्डरवर. डॉक्टर म्हणाले रोज चाला, तर चालायला लागलो, महिनाभरात काही फरक पडेना, मग कुठेतरी बघितलं की अंगावर वजन घेऊन चाललं की चांगला व्यायाम होतो. आता शहाण्या माणसानं पोराची जुनी शाळेची बॅग घ्यावी, त्यात पाच किलो तांदूळ टाकावे आणि निघावं. पण रात्री साडेअकराला मोबाईल हातात असलेला माणूस शहाणा नसतो. ते काळं, पट्ट्यापट्ट्यांचं, जवान घालतात तसं दिसणारं व्हेस्ट दिसलं, पुढे एक मागे एक लोखंडी प्लेट, ‘मिलिटरी ग्रेड’, 3,499 रुपये, दिली ऑर्डर. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, हाच माल पाच-सहा वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे, फोटोसुद्धा तेच.

पार्सल घेऊन आलेला पोरगा तीन जिने चढून घामाघूम, म्हणाला अंकल इसमें पत्थर है क्या. मी म्हटलं नहीं भिया, लोहा. पण पहिला घोटाळा तिथेच, घरच्या वजनकाट्यावर जरा कमी वाटलं म्हणून रविवारी कबाडीवाला आला तेव्हा त्याच्या काट्याला लटकवलं तर 8 किलो 300 ग्रॅम. डब्यावर 10 छापलंय. कंपनीला मेल टाकला, त्याचं पुढे सांगतो.

वापरताना काय होतं ते ऐका. डोक्यातून घालावं लागतं, मग दोन्ही बाजूंचा रुंद पट्टा पोटावरून ओढून वेल्क्रोनं चिकटवायचा. सकाळी साडेपाचला त्या वेल्क्रोचा जो चर्रर्र आवाज होतो त्यानं घरात सगळे उठतात, बायकोनं आठवडाभर ऐकून घेतलं आणि मग मला बाहेर जिन्यात जाऊन घालायला लावलं. सगळा भार दोन खांद्यांवर, कमरेवर काहीच येत नाही, त्यामुळे वीस मिनिटांत मानेपासून खांद्यापर्यंत दोन लाल वळ उठतात, पट्टीला पॅडिंग म्हणून जे आहे ते माझ्या मनगटावरच्या घड्याळाच्या पट्ट्याइतकं. बुटाची नाडी सुटली तर बांधता येत नाही, वाकलं की खालची कड मांडीत आणि वरची कड हनुवटीखाली. बगीच्याच्या पायऱ्या उतरताना स्वतःचे पाय दिसत नाहीत, पुढची प्लेट मध्ये येते, एकदा चुकीच्या पायरीवर पाय पडलाच. आणि घाम! मेच्या सुरुवातीला आमच्याकडे सकाळी सातलाच उकडायला लागतं, अर्ध्या तासानं व्हेस्ट काढलं की खालचा टीशर्ट प्लेटच्या आकारात ओला, बरोबर चौकोन, बाकी कोरडा. पाठीवर घामोळं आलं ते अजून गेलेलं नाही.

इथपर्यंत असतं तर मी 1 स्टार देऊन गप्प बसलो असतो. पण मग मामा आले.

मामा मराठा लाईट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन रिटायर झाले, काही वर्षं राष्ट्रीय रायफल्समध्ये कुपवाड्याकडे होते, आता महूला राहतात. महू म्हणजे कागदोपत्री 2003 पासून डॉ. आंबेडकर नगर, पण मामा स्वतः महूच म्हणतात. त्यांचा पेटंट विनोद आहे की रेजिमेंटच्या नावातच काय ते लाईट होतं, पाठीवर कधी काही लाईट नव्हतं. रविवारी पोहे-जिलबी खायला आलेले, दाराच्या खुंटीला व्हेस्ट टांगलेलं बघितलं आणि पोह्यांची ताटली खाली ठेवली.

मागे मानेजवळ एक कापडी हँडल असतं, मला वाटायचं ते खुंटीला अडकवायला. मामा म्हणाले, “भाचेबुवा, हे कशाला असतं माहितीये? तू पडलास तर तुझ्या जोडीदारानं ह्याला धरून तुला फरफटत आडोशाला न्यायचं.” असं म्हणून त्यांनी मला घालायला लावलं, जमिनीवर बसवलं आणि हँडल धरून हॉलभर ओढायला गेले, दोन फूट गेलो असेन, टर्रर्र. हँडल त्यांच्या हातात, मी तिथेच. एका बाजूची शिवण पूर्ण सुटली, आत बघितलं तर नुसता एक सरळ टाका मारलेला, उलटसुलट काट मारलेली शिवण असते ती नाहीच. मामी म्हणाल्या अहो पुरे झालं, पोहे थंड होतायत. पण मामा आता थांबणार नव्हते.

गच्चीवर नेलं. माझं स्कूटरचं हेल्मेट आणि घरातला झाडू घेऊन या म्हणाले. मला व्हेस्ट आणि हेल्मेट घालून पालथं झोपवलं, झाडू बंदुकीसारखा खांद्याला लावायला सांगितला आणि म्हणाले समोरच्या टाकीवर नेम धर. आता गंमत बघा, पालथं पडून मान वर केली की हेल्मेटची मागची कड व्हेस्टच्या मागच्या प्लेटवर आपटते आणि हेल्मेट पुढे सरकून डोळ्यांवर येतं. टाकी दिसेचना. हेल्मेट मागे ढकललं की परत मान वर, परत डोळ्यांवर. झाडूचा दांडा खांद्याच्या खोबणीत बसत नव्हता कारण तिथे पट्टी आणि प्लेटचा कोपरा. पोटाखाली प्लेट म्हणजे माणूस जमिनीवर न झोपता पाटावर झोपल्यासारखा डुगडुगतो. मी तीन मिनिटांत रडकुंडीला आलो, शेजारचे काका त्यांच्या गच्चीतून बघत होते ते वेगळंच. मामा म्हणाले हे तुझ्या स्वस्त मालामुळे नाही हो, खऱ्या जॅकेटमध्येही हा त्रास असतो, म्हणून तर त्यांच्या वेळी पोरांना पटका बरा वाटायचा. पटका म्हणजे कपाळ आणि डोक्याची मागची बाजू एवढंच झाकणारी बुलेटप्रूफ पट्टी, वरून डोकं उघडं, तरी वजन अडीच किलोच्या आसपास. तो घालून दिवसभर मान सरळ ठेवून बघा.

मग आम्ही चहा घेत हिशोब मांडला आणि तिथे माझी बोलती बंद झाली. मी 8 किलो 300 ग्रॅम घालून चाळीस मिनिटं बगीच्यात फिरतो आणि घरी येऊन पंख्याखाली पडतो. जवानाच्या अंगावर जॅकेट दहाएक किलो, ते तर नुसतं सुरुवातीला. इन्सास रायफल चार किलोच्या वर, एके-47 ची भरलेली एक मॅगझिन पाऊण किलोच्या वर आणि अशा चार-पाच, ग्रेनेड, दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो, रेडिओ ज्याच्याकडे त्याच्या बॅटऱ्या, आणि वर पिठ्ठू, म्हणजे फौजी लोकांची पाठीवरची बॅग. अमेरिकन लष्करानं 2003 साली अफगाणिस्तानात आपल्या जवानांच्या अंगावरचं खरं वजन मोजलं होतं, तर पिठ्ठू सोडून नुसतं लढायला लागतं तेवढंच सरासरी 29 किलोच्या आसपास निघालं, पिठ्ठू धरून 46. आणि हा पुढारलेल्या देशाचा, सगळं भारी सामान असलेल्या फौजेचा आकडा. मामा म्हणाले आमच्या वेळी 5 किलोमीटर वजन घेऊन पळायची टेस्ट असायची, फौजेत तिला बीपीईटी म्हणायचे, ती पास व्हायचे सगळे, पण टेस्ट संपली की पिठ्ठू खाली ठेवता येतो, डोंगरात रात्रभर नाल्यात बसलं की ठेवता येत नाही.

ते म्हणाले ते माझ्या डोक्यात बसलं. काट्यावर किती भरतं हे फार नाही महत्त्वाचं, ते कुठे बसतं आणि तुला काय करू देत नाही ते बघ. घाम निघतो पण वाळत नाही, कारण जॅकेटखाली हवाच नाही. अमेरिकन लष्कराच्या उन्हाच्या नियमांत तर दमट हवेत असं जॅकेट घातलं असेल तर उष्णतेच्या मापात जवळजवळ 3 अंश मिळवूनच धरायचं असं आहे. माझ्या टीशर्टवरचा चौकोन मला तेव्हा कळला.

मी विचारलं, मामा, मग पातळ लोखंडाची का नाही करत, हलकी. हसले. लोखंडाच्या प्लेटवर गोळी फुटली की तिचे तुकडे गळ्याकडे नि हातांकडे उडतात, म्हणून आता फौजेच्या चांगल्या जॅकेटांत पुढे सिरॅमिक असतं, गोळीचं टोक त्याच्यावर फुटतं, आणि मागचा पॉलिमरचा थर उरलेलं झेलतो. पण सिरॅमिक ते सिरॅमिकच, हातातून निसटून फरशीवर पडलं तर आतून तडा जाऊ शकतो आणि वरून काही दिसत नाही. म्हणजे दहा किलोची वस्तू अंगावर वागवायची आणि शिवाय काचेच्या बरणीसारखी जपायची.

बरं, हलकं करायचे प्रयत्न चालू आहेत, हे मी नंतर स्वतः वाचलं. एप्रिल 2024 मध्ये डीआरडीओच्या कानपूरच्या लॅबनं नवीन प्लेट दाखवली, बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, 17051 नंबरच्या मानकातली लेव्हल 6, म्हणजे सर्वात वरची, त्यात प्लेटचं वजन एका चौरस मीटरला 40 किलोपेक्षा कमी असं दिलंय. मी इन्शुरन्सवाला, आकडा दिसला की गुणाकार करतो, 10 बाय 12 इंचाची प्लेट धरली तर साधारण 3 किलो. पुढे एक मागे एक म्हणजे सहा, अजून कापड, बाजूच्या प्लेटा, गळा, सगळं वरून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयआयटी दिल्लीबरोबर केलेलं ‘अभेद’ आलं, त्यातलं सर्वात हलकं 8.2 किलो आणि दुसरं 9.5. म्हणजे देशातली हुशार डोकी वर्षानुवर्षं घासून जिथे पोचली तो आकडा माझ्या व्हेस्टच्या आकड्याच्या शंभर ग्रॅम अलीकडे आहे. फक्त त्यांचं गोळी अडवतं, माझं मला जिना चढताना अडवतं.

आणि फौजेला आधीची बुलेटप्रूफ जॅकेटं मिळायलाही किती वेळ, 2009 मध्ये मंजुरी, मधे 2016 मध्ये तात्पुरती 50 हजार, आणि मोठा करार 2018 मध्ये, 1,86,138 जॅकेटं, 639 कोटी. मामा तोपर्यंत घरी आलेले होते. याच्यावर ते काही बोलले नाहीत, चहा फुंकत बसले.

एक बोलले मात्र. माझ्या पोरानं विचारलं आजोबा, शिवाजी महाराजांनी पण अफझलखानाला भेटताना चिलखत घातलं होतं ना? म्हणाले हो, अंगरख्याच्या आत, पण भेटीपुरतं. रोजच्या दौडीत आपल्या घोडेस्वारांच्या अंगावर काय असायचं? जितकं कमी तितकं लांब.

तर परत मालाकडे. हँडल तुटलं त्याचा फोटो कंपनीला पाठवला तर उत्तर आलं की वापरलेला माल परत घेतला जात नाही. मामा व्हेस्ट महूला घेऊन गेले, तिथे बाजारात एक वयस्कर मास्टर आहेत, वर्दी आणि पाऊच शिवतात, दुकानाला धड पाटीही नाही. त्यांनी चार दिवसांत हँडल चौकोनात काट मारून पक्कं शिवलं, खांद्याला जाड फोम घातला, प्लेटचा खिसा अडीच इंच वर घेतला म्हणजे वरची कड गळ्याच्या खळग्याच्या जरा खाली येते, आधी ती पोटावर लोंबत होती, आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे आतून एक कमरेचा पट्टा जोडला, अर्धा भार आता खांद्यावरून उतरून कमरेवर बसतो. 450 रुपये. वजन तेच आहे, उलट फोमचं वाढलंच असेल, पण आता तासभर चालतो आणि वळ उठत नाहीत. मास्टरांना 5 स्टार, त्यांची शिवण बघायला पाहिजे, आतून बाहेरून सारखी.

म्हणून कोणी घ्यायचं ठरवलंच तर चालायला घ्या, पळायला नको, गुडघे जातात. माझ्या एका मित्राचा मुलगा अग्निवीरची तयारी करतोय, तो हेच घालून पळायला लागला होता, मामांनी त्याला दम दिला, आधी रिकामा पळ, मग दोन किलो, मग बघू. प्लेट काढता येतात का ते बघून घ्या, माझ्यात येतात, ही एक गोष्ट बरी आहे. बाजूला झटकन उघडणारं बक्कल असलेलं घ्या, नुसतं डोक्यातून काढायचं म्हटलं तर चक्कर आली असताना काढताच येणार नाही, मला एकदा आली होती, व्हेस्टसकट बाकावर बसून राहिलो. कुर्ता घालून वेल्क्रो लावू नका, धागे ओढले जातात. आणि ‘मिलिटरी ग्रेड’ हा शब्द वाचून कोणीही पैसे टाकू नका, मिलिटरीवाल्यानं ते हातात घेऊन दोन सेकंदात उसवलंय.

ता.क. वजन कमी भरल्याच्या तक्रारीवर काल कंपनीचं उत्तर आलं. 1 किलो 700 ग्रॅम कमी आहे म्हणून मी तीन मेल लिहिले होते, मामांना वाचून दाखवले तर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला, म्हणाले लोक दात घासायच्या ब्रशचा दांडा कापतात रे वजन कमी करायला, आणि तू ओझं कमी मिळालं म्हणून भांडतोयस. असो. कंपनी म्हणते काट्यावर ठेवल्याचा व्हिडिओ पाठवा, उरलेल्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या फुकट पाठवतो. कबाडीवाल्याला रविवारी परत बोलावलंय.