गेटवरचा डाग वेगळा, गायींवरचा वेगळा

अमेरिकेत गुरांच्या रँचवर चार दिवस सहकुटुंब राहायला जायचा बेत तुमच्या घरात शिजत असेल, तर आगाऊ रक्कम भरण्याआधी हे वाचा. गेल्या ऑगस्टमध्ये मॉन्टॅनात आमच्या तोंडाला पानं पुसली गेली. चार रात्री, पाच माणसं, ५,६०० डॉलर. पैशाचं दुःख आहेच, पण बाबांची अनेक वर्षांची इच्छा आम्ही चुकीच्या माणसांच्या हातात दिली, हे मला जास्त लागलं आहे.

बाबा गाईगुरांत वाढले. हजार-हजार गुरं मोकळ्या डोंगरात कशी सांभाळतात ते एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मुलं नऊ आणि बारा वर्षांची, त्यांना घोड्यावर बसायचं होतं. म्हणून मी मुद्दाम 'वर्किंग रँच', म्हणजे खरोखर गुरं पाळणारी रँच, असं लिहिलेल्या जागा शोधल्या. नुसती घोडेस्वारी आणि तलावाकाठची लाकडी घरं आम्हाला नको होती.

जी जागा निवडली तिच्या जाहिरातीत सगळं होतं: वासरांना डाग देणं (तापवलेल्या लोखंडाने अंगावर मालकाची खूण उमटवणं), गुरं हाकत नेणं, कुंपणं दुरुस्त करणं. मी फोनवर स्पष्ट विचारलं, "आम्ही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतोय, तेव्हा डाग देण्याचं काम बघायला मिळेल ना?" पलीकडून उत्तर आलं, "नक्की." त्या एका 'नक्की'वर मी विश्वास ठेवला. तेव्हा मला माहीत नव्हतं ते आता सांगते. मॉन्टॅनात बहुतेक गायी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वितात. वासरांना डाग देण्याचं मोठं काम मे-जूनमध्ये उरकतं. मग गुरं उन्हाळी चराईला वर डोंगरात जातात, पुष्कळदा सरकारी जंगलाच्या परवान्याच्या जमिनीवर. जुलै-ऑगस्टमध्ये खाली रँचवर हिवाळ्यासाठी गवत कापायचं आणि त्याचे गठ्ठे बांधायचे, हे काम. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गुरं पुन्हा खाली येतात, वासरं आईपासून तोडली जातात आणि विक्रीला जातात. ज्याची स्वतःची गुरं आहेत त्याला हे विचारावं लागत नाही. तो आपणहून म्हणतो, "ऑगस्टमध्ये आलात तर गवताचं काम दिसेल, डाग बघायचे तर मेमध्ये या."

पैसे भरताना दुसरी चूक झाली. कार्डाऐवजी बँकेतून थेट पाठवले तर पाच टक्के सूट, असं त्यांनी सांगितलं. निम्मी रक्कम तेव्हा आणि उरलेली निघण्याच्या महिनाभर आधी, दोन्ही आम्ही तशीच पाठवली. कार्डाने भरलं असतं तर ठरलेली सेवा मिळाली नाही म्हणून बँकेकडे दाद मागता आली असती. थेट पाठवलेली रक्कम समोरच्याच्या खात्यात पडली की ती परत देणं त्याच्याच मर्जीवर.

बोझमनच्या विमानतळावरून गाडीने सुमारे दोन तास. गेट देखणं होतं, जाड ओंडक्यावर जाळून काढलेली गोलाची खूण. तीच खूण खोलीतल्या टॉवेलवर, कपांवर, रँगलरांच्या (घोडे सांभाळणाऱ्या नोकरांच्या) टोपीवर. संध्याकाळी बाबा गुरांच्या वाड्याकडे गेले आणि बराच वेळ एका फळीवर हात फिरवत उभे राहिले. मला म्हणाले, "इथे गुरं येत नाहीत गं. रोज गुरं येत असती तर अंगं घासून ही फळी गुळगुळीत झाली असती. हिला अजून कुसळं आहेत." मी हात लावून पाहिला. खरंच बोटात कुसळ गेलं. शेण होतं ते वाळून पांढरं पडलेलं, आणि गाय अडकवायच्या लोखंडी फाटकाची बिजागरी गंजून जाम झाली होती.

दुसऱ्या दिवशी 'गुरं हाकणं' झालं. बारा गायी एका कुंपणातून शेजारच्या कुंपणात नेल्या. दुपारी दुसऱ्या कुटुंबासाठी त्याच बारा गायी परत आणल्या. त्या हेलपाट्यात माझ्या मुलाने, वय वर्षं नऊ, विचारलं, "आई, गेटवर गोल आहे, मग गायींवर दोन रेघा का?" डाव्या बरगडीवर दोन आडव्या रेघा, सगळ्यांच्या. रँगलरला विचारलं तर तो गडबडला. कॉलेजात शिकणारा मुलगा, तिथे येऊन तीन आठवडे झालेले.

उत्तर त्याच संध्याकाळी मिळालं. एक वयस्कर गृहस्थ मिठाचे ठोकळे टाकायला आले होते. बाबा त्यांच्याशी बोलायला गेले, मी दुभाष्या. ते सहज म्हणाले, "गायी माझ्या आहेत. या लोकांची जमीन मी चराईला भाड्याने घेतो. माझा मुख्य कळप जूनपासून वर आहे." म्हणजे ज्यांना आम्ही पैसे दिले त्यांचं एकही जनावर नव्हतं. त्या गृहस्थांचा यात काही दोष नाही. उलट दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी बाबांना आपल्या पिकअपमधून तासभर फिरवून आणलं, एक पैसा न घेता. बाबांनी पाहिलं ते तेवढंच.

घोड्यांचं प्रकरण मला सगळ्यात गंभीर वाटतं. मुलीच्या रिकिबी तिच्या पायांपेक्षा चार बोटं लांब होत्या, कोणी त्या आखूड केल्या नाहीत. खोगीर घोड्याला बांधायचा पट्टा, म्हणजे तंग, सैल होता. उतारावर खोगीर एका अंगाला कलंडलं. तिचा बाप मागेच चालत होता, त्याने तिला कमरेला धरून उतरवलं म्हणून निभावलं. मुलांच्या मापाचं हेल्मेट मागितल्यावर एकच निघालं, आणि सगळ्या पाहुण्यांची मिळून मुलं होती पाच. पहिल्याच दिवशी आमच्याकडून जोखीम आमची असल्याच्या कागदावर सह्या घेतल्या होत्या. तसा कागद बहुतेक सगळीकडे असतो, त्यात वावगं नाही. पण काळजी घेणाऱ्या ठिकाणी स्वार होण्याआधी मुलाचं वय, वजन, अनुभव विचारतात आणि प्रत्येक तंग पुन्हा ओढून बघतात.

पाहुणे ठेवणं हाच मुळात खोटा धंदा आहे, असा याचा अर्थ काढू नका. ईटन बंधूंनी १८७९ मध्ये डाकोटातल्या मेडोराला रँच काढली, तिथेच पाहुण्यांकडून पैसे घ्यायची रीत पडली, आणि १९०४ मध्ये ते वायोमिंगला गेले. ड्यूड रँचर्स असोसिएशन १९२६ पासून आहे. 'ड्यूड रँच' म्हणजे पाहुण्यांसाठी चालवलेली जागा, आणि तसं सांगून चालवली तर ती उत्तम. मोसमापुरते भाड्याने आणलेले घोडेही तिकडे सर्रास असतात. आमची तक्रार आहे ती दुसऱ्याची गुरं आपली म्हणून दाखवण्याबद्दल. मॉन्टॅनात पाहुणे ठेवायला परवाना लागतो, पण गायी कोणाच्या, हे त्या परवान्यावरून कळत नाही.

ते कळायचे मार्ग घरबसल्या होते, हे नंतर समजलं. मॉन्टॅनात गुरांचा डाग राज्याच्या पशुधन खात्याकडे नोंदवलेला असतो, जनावराच्या अंगावरच्या जागेसकट, आणि दर दहा वर्षांनी ती नोंद नवी करावी लागते. शेवटची फेरी २०२१ मध्ये झाली. म्हणून सरळ विचारा: तुमचा डाग कोणता, कोणत्या बाजूला, कोणाच्या नावावर? जमीन कोणाची ते राज्याच्या कॅडॅस्ट्रल (जमीनमालकी दाखवणाऱ्या) ऑनलाइन नकाशावर जागेवर क्लिक केलं की दिसतं. सरकारी जमिनीवर पैसे घेऊन घोड्यावरून नेणार असतील तर वनखात्याचा किंवा बीएलएमचा (केंद्र सरकारच्या जमीन व्यवस्थापन खात्याचा) परवाना लागतो, तो मागा. आणि आमच्या त्याच आठवड्यात गेल्या वर्षी रँचवर काय काम चालू होतं, त्याचे फोटो पाठवा म्हणा. हा प्रश्न मी विचारला असता तर बाकी काही विचारायची गरजच पडली नसती.

परत आल्यावर मी रक्कम परत मागितली. त्यांनी करारातलं एक वाक्य दाखवलं, 'कामाचे स्वरूप हंगामानुसार बदलू शकते.' ते मी वाचलं होतं आणि पावसापाण्याबद्दल असेल असं समजले होते. मग राज्याच्या न्याय विभागातल्या ग्राहक संरक्षण कार्यालयाकडे फोटोंसकट तक्रार पाठवली: गेटवरचा गोल, गायींवरच्या दोन रेघा, कलंडलेलं खोगीर, आणि 'नक्की' म्हणणाऱ्या फोननंतर आलेली त्यांची ईमेल, जिच्यात डाग देण्याचा कार्यक्रम लेखी होता. त्यानंतर दहा दिवसांत रँचवाल्यांकडून ३०० डॉलर देण्याची तयारी आली. सोबत एक कागद होता, त्यात या मुक्कामाबद्दल कुठेही काही लिहिणार नाही अशी अट होती. मी तो बाबांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढून घडी केला आणि "नको" म्हणाले. त्यावर आम्ही सही केलेली नाही.