दुधाची दाढ किडली: सिमेंट भरायचं की स्टीलची टोपी?

वहिनी, पाच वर्षांच्या ओवीच्या किडलेल्या दाढेला यातलं काय करावं यावर तुम्ही अडलात, म्हणून लिहितेय.

त्रास: सिमेंटला (ग्लास आयोनोमर फिलिंग) बहुधा ड्रिल, कधी सुई. हॉल पद्धतीच्या टोपीला (दाढ न कोरता तयार टोपी वरून चिकटवतात) दोन्ही नाहीत. कीड आत कोंडून टाकतात. दात घट्ट चिकटलेले असतील तर आधी त्यांच्यामध्ये रबराची कडी ठेवतात. टोपी बसली की चावा उंच लागतो, काही आठवड्यांत जुळतो.

टिकाऊपणा: इथे फरक मोठा. स्कॉटलंडमध्ये 132 मुलांच्या तोंडात एका दाढेवर टोपी आणि दुसरीत नेहमीचं फिलिंग (बहुतेक सिमेंटचं) करून पाहिलं. पाच वर्षांत ठणका किंवा गळूपर्यंत गेलेल्या दाढा: टोपीखाली 3 टक्के, फिलिंगखाली 16.5.

दिसणं: टोपी चंदेरीच.

दोन दातांमधली कीड, घाबरट मूल: टोपी. वरचा छोटा खड्डा: सिमेंट. रात्री ठणका किंवा हिरडीवर पुळी असेल तर दोन्ही नको, आधी एक्स-रे.