टेक्सासमध्ये कॉस्मेटॉलॉजी लायसन्स: आधी विचारणा की थेट अर्ज?

टेक्सासमध्ये सलूनचं काम करायला राज्याचं लायसन्स लागतं आणि अर्जदाराचा गुन्हेगारी इतिहास तपासला जातो. जुनी शिक्षा नावावर असेल, तर दोन वाटा आहेत.

पहिली, कोर्स करून थेट अर्ज. रेकॉर्ड कोरं असेल तर हीच सोपी. पण डाग असेल तर जोखीम मोठी आहे. 1000 तासांचं शिक्षण, फी, कात्र्या-ब्रशचा संच, मॅनिकिनच्या डोक्यावर रोलर लावत काढलेले महिने, हे सगळं करून शेवटी नकार आला तर? मला हे फार क्रूर वाटतं.

दुसरी वाट म्हणजे शाळेत नाव घालण्याआधीच लायसन्स खात्याकडे लेखी मूल्यमापन मागायचं. खातं गुन्ह्याचं गांभीर्य, त्याचा कामाशी संबंध, तेव्हाचं वय, मधली वर्षं आणि सुधारणेचे पुरावे पाहतं. कायद्यानुसार उत्तर 90 दिवसांत मिळायला हवं. शिवाय माहिती लपवली नसेल आणि नवा पुरावा पुढे आला नाही, तर त्या प्रकरणापुरता तो निर्णय खात्यालाही बंधनकारक राहतो. म्हणूनच अर्जात एकही प्रकरण गाळू नका, अगदी किरकोळ वाटलं तरी. कोर्टाच्या निकालाची प्रत आणि मालकाचं शिफारसपत्र सोबत जोडा.

तीन महिने थांबणं जिवावर येतं, हे खरं. तरीही नावावर शिक्षा असलेल्या कुणालाही मी आधी विचारूनच फी भरायला सांगेन.